‘टेस्ट’ : एका इंग्रजी शब्दाची अर्थव्याप्ती आणि मराठीतील त्याचे पर्याय – एक चिकित्सा

प्रस्तावना

इंग्रजीतील काही शब्द मराठीत इतके रुळले आहेत की त्यांचे परकेपण आता कोणाला जाणवत नाही. ‘टेस्ट’ हा त्यांपैकी एक होय. रक्ताची टेस्ट, शाळेतील युनिट टेस्ट, टेस्ट मॅच, नार्को टेस्ट, टेस्ट ट्यूब बेबी, अणुबॉम्बची टेस्ट अशा परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या गोष्टी हा एकच शब्द सहज वाहून नेतो. मराठीने त्याच्यासाठी कसोटी, चाचणी, परीक्षा, तपासणी, पारख, पडताळणी असे अनेक शब्द योजले. त्यांतला कोणता शब्द कोठे योजला गेला, आणि त्या निवडीने अर्थात कोणता फरक पडला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दाच्या अनेकार्थतेचा अभ्यास हा केवळ कोशकारांचा प्रांत नाही, हे विल्यम एम्प्सन यांनी १९५१ साली ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स’ या ग्रंथात आणि रेमंड विल्यम्स यांनी १९७६ साली ‘कीवर्ड्स’मध्ये दाखवून दिले. एखादा साधा शब्द एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जातो तेव्हा पहिल्या क्षेत्राची प्रतिष्ठाही तो सोबत नेतो. ‘टेस्ट’च्या बाबतीत ही प्रतिष्ठा धातुशास्त्राची आहे, आणि जेथे धातू नाही, मूस नाही, तराजूही नाही अशा ठिकाणीही ती वापरली जाते. अडचण तेथून सुरू होते.

मूस आणि दगड

‘टेस्ट’ हे मुळात क्रियेचे नाव नव्हते, ते एका भांड्याचे नाव होते. लॅटिनमध्ये ‘टेस्टा’ म्हणजे भाजलेल्या मातीचा तुकडा, खापर किंवा कवच आणि ‘टेस्टुम’ म्हणजे मातीचे भांडे. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला तो मौल्यवान धातूंची शुद्धता पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सच्छिद्र भांड्याचे नाव म्हणून. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस भांड्याचे नाव त्यात होणाऱ्या क्रियेला मिळाले, आणि शेक्सपिअरच्या काळापर्यंत माणसाच्या सत्त्वपरीक्षेसाठीही तो वापरला जाऊ लागला. प्राणिशास्त्रात समुद्री साळिंदराच्या कवचाला आजही ‘टेस्ट’ म्हणतात आणि वनस्पतिशास्त्रात बीजावरणाला ‘टेस्टा’ म्हणतात, ते या जुन्या अर्थाचे अवशेष होत. साक्ष देणे या अर्थाची ‘टेस्टिमनी’, ‘टेस्टामेंट’ ही इंग्रजी शब्दांची मालिका मात्र वेगळ्या धातूपासून आली आहे. कानाला ती जवळची वाटते, पण साक्षीदार आणि मूस यांचे कूळ एक नाही. पुढे दिव्याचा विचार करताना या भेदाचे महत्त्व ध्यानात येईल.

त्या भांड्यात घडते काय, हे पाहिले पाहिजे. अशुद्ध चांदी किंवा सोने शिशासह अस्थिभस्माच्या मुशीत तापवतात. शिशाचे ऑक्साइड होते, ते हलक्या धातूंना सोबत घेऊन मुशीच्या अंगात मुरते आणि शेवटी शुद्ध धातूचा एक चकचकीत मणी उरतो. आधी नमुना तोलायचा आणि नंतर मणी तोलायचा. या दोन वजनांच्या तुलनेत उत्तर असते. या पद्धतीची दोन लक्षणे नोंदण्यासारखी आहेत. पहिले असे की तपासलेला नमुना पुन्हा पूर्वीसारखा राहत नाही. दुसरे असे की उत्तर वजनात मिळते, म्हणून परीक्षकाच्या मताला तेथे फारसा वाव उरत नाही.

मराठीने ‘टेस्ट’साठी जो सर्वांत भारदस्त शब्द निवडला तो ‘कसोटी’. संस्कृतातील ‘कषपट्टिका’ हे त्याचे मूळ. कसोटी म्हणजे सोने घासून पाहण्याचा काळा दगड. सराफ त्यावर दागिन्याची एक रेघ ओढतो, ज्ञात शुद्धतेच्या सोन्याची दुसरी रेघ शेजारी ओढतो आणि दोहोंचा रंग पडताळतो. इथे दागिना जवळपास जसाच्या तसा परत मिळतो. उत्तर मात्र वजनात मिळत नाही, ते पारख्याच्या नजरेत असते. याच दगडाभोवती मराठीचे केवढे तरी शब्दभांडार तयार झाले आहे : ‘कस’, ‘कस लागणे’, ‘जमिनीचा कस’, ‘कसदार’ आणि अस्सल सोन्याला व अस्सल माणसाला सारखेच लावले जाणारे ‘बावनकशी’ हे विशेषण. ‘निकष’ हाही घासण्याच्याच धातूवरून आलेला शब्द.

थोडक्यात, इंग्रजीची प्रतिमा अग्नीची आहे आणि मराठीची घर्षणाची. एक जाळून पाहते आणि दुसरी शेजारी ठेवून पाहते. इंग्रजीतही दगडाचा शब्द आहे. मॅथ्यू आर्नल्ड यांनी १८८० साली काव्याभ्यासावरील निबंधात जी पद्धत मांडली, तीत थोर कवींच्या निवडक ओळी मनात बाळगून नव्या काव्याची त्यांच्याशी तुलना करायची असते, आणि तिला त्यांनी दगडाचेच नाव दिले. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे अभिप्राय तपासून १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ सिद्ध केले, तो प्रकार मुशीच्या जवळ जाणारा होता. तेथे कविता तपासली जात आहे असे वरवर वाटते. वस्तुतः वितळत होते ते वाचकांचे संस्कार. मराठी समीक्षेची परिभाषा मात्र बव्हंशी दगडाची राहिली. आपण ‘निकष’ लावतो, ‘कसदार’ लेखनाचे कौतुक करतो आणि ग्रंथाचे ‘परीक्षण’ करतो. समीक्षकाची नजर हेच अखेरचे प्रमाण, हे या शब्दांत गृहीत धरलेले असते. ते दूषण आहे असे मानण्याचे कारण नाही. दगडावरचे उत्तर नजरेवर अवलंबून असते हे सराफ लपवत नाही, आणि हाच त्याच्या व्यवसायातील प्रामाणिकपणा आहे.

शपथेची कसोटी

या शब्दाचा सर्वांत बोधप्रद गैरवापर इंग्लंडच्या राजकीय इतिहासात सापडतो. १६७३ साली तेथील संसदेने ‘टेस्ट ॲक्ट’ मंजूर केला. शासकीय किंवा लष्करी पद धारण करणाऱ्याने इंग्लंडच्या चर्चच्या पद्धतीने प्रभुभोजनाचा संस्कार घ्यावा आणि त्या संस्कारातील भाकरी व द्राक्षरस यांचे तत्त्वतः रूपांतर होते या कॅथलिक सिद्धांताला आपली मान्यता नाही असे घोषित करावे, अशी अट त्यात होती. १६७८ साली ही अट संसद-सदस्यांपर्यंत नेण्यात आली. राजाचा भाऊ, यॉर्कचा ड्यूक जेम्स याला १६७३ सालीच नौदलप्रमुखाचे पद सोडावे लागले. हे बंधन १८२८ साली रद्द झाले. ऑक्सफर्ड, केंब्रिज व डरहॅम या विद्यापीठांतील धार्मिक अटी १८७१च्या कायद्याने मोठ्या प्रमाणात दूर झाल्या.

ही ‘टेस्ट’ काय तपासत होती? श्रद्धा तपासत होती असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात ती फक्त एक वाक्य उच्चारण्याची तयारी तपासत होती. ज्याला आपल्या श्रद्धेची चाड होती तो या मुशीत जळून जाई आणि ज्याला कशाचीच चाड नव्हती तो सुखरूप बाहेर पडे. हिणकस टिकते आणि अस्सल उडून जाते असे भांडे कोणताही धातुपारखी फेकून देईल. इंग्लंडने ते दीडशे वर्षे जपले. याचे कारण उघड आहे. या भांड्याचे काम शुद्धता शोधण्याचे नव्हतेच. कोणाला आत घ्यायचे नाही हे आधीच ठरले होते, आणि त्या निर्णयाला शोधाचे रूप देण्यासाठी ‘टेस्ट’ हा शब्द उपयोगी पडला.

क्रीडांगणावर याच शब्दाचे भाग्य उजळले. १८६१-६२मधील इंग्लिश संघाच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याच्या संदर्भात ‘टेस्ट मॅच’ हा शब्दप्रयोग प्रथम आढळतो. १८७७ सालचा मेलबर्नचा सामना पहिला कसोटी सामना ठरला तो मागाहून. भारताने १९३२ साली लॉर्ड्‌सवर पहिला कसोटी सामना खेळला आणि मायदेशातील पहिला कसोटी सामना १९३३च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखान्यावर झाला. ‘कसोटी सामना’ हे भाषांतर मराठीतील उत्तम भाषांतरांपैकी एक मानावे लागेल, कारण येथे खरोखर दोन रेघा शेजारी ओढल्या जातात. १९३९ साली दरबानला कालमर्यादा नसलेला सामना दहाव्या दिवसापर्यंत चालूनही अनिर्णित राहिला, कारण इंग्लंडच्या संघाला परतीची बोट गाठायची होती. निकाल न लागताही जिचे मोल कमी होत नाही अशी कसोटी क्रीडेखेरीज अन्यत्र क्वचितच आढळते.

शाळेने मात्र या शब्दाला अगदी लहान केले. मराठी शालेय व्यवहारात ‘चाचणी’ छोटी आणि ‘परीक्षा’ मोठी. घटक चाचणीत नापास झालेल्या मुलाचे काही बिघडत नाही, वार्षिक परीक्षेत बिघडते. गंमत अशी की विद्यार्थ्याच्या आयुष्याला खरे वळण देणाऱ्या प्रवेशपरीक्षांच्या इंग्रजी नावांत ‘एक्झामिनेशन’ नसून ‘टेस्ट’ असते. सीईटीतील अखेरचे अक्षर तेच, ‘नीट’मधील अखेरचे अक्षरही तेच. मराठी माणूस त्यापुढे ‘परीक्षा’ हा शब्द जोडून ‘नीट परीक्षा’ म्हणतो, तेव्हा ती द्विरुक्ती व्याकरणदृष्ट्या सदोष असली तरी वस्तुस्थितीला धरून आहे. बुद्धिमापनाची कथाही अशीच. बिने व सिमोन यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये जी श्रेणी तयार केली, तिचा हेतू शिकण्यात विशेष साहाय्याची गरज असलेली मुले ओळखणे हा होता. अमेरिकेत पोहोचल्यावर ती जन्मजात बुद्धीचे वजन सांगणारा तराजू बनली आणि पहिल्या महायुद्धात सतरा लाखांच्या आसपास सैनिकांना अशा चाचण्या देण्यात आल्या. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात बिनेच्या श्रेणीचे कानडी व मराठी मुलांसाठी रूपांतर केले. प्रश्न बदलल्याखेरीज मुलाची बुद्धी कळत नाही, हे ज्या कामातून सिद्ध होते ते काम या दृष्टीने मौलिक आहे.

परीक्षा, उपधा आणि दिव्य

‘परीक्षा’ हा शब्द मूस आणि दगड या दोन्ही प्रतिमांच्या बाहेरचा आहे. परि म्हणजे सभोवार आणि ईक्ष् म्हणजे पाहणे. एखाद्या गोष्टीभोवती फिरून तिला सर्व बाजूंनी पाहणे म्हणजे परीक्षा. न्यायदर्शनाच्या परंपरेत उद्देश, लक्षण आणि परीक्षा या शास्त्रविवेचनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. चरकसंहितेत आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा येते. येथे परीक्षा म्हणजे ज्ञानाचे साधन. आज विद्यार्थी ‘परीक्षा देतो’ आणि शिक्षक ‘परीक्षा घेतो’. म्हणजे जी पाहण्याची क्रिया होती ती देण्याघेण्याची वस्तू झाली. हा अर्थसंकोच इंग्रजी शिक्षणपद्धतीच्या काळात दृढ झाला असे मानण्यास जागा आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘उपधा’ याहून निराळी. अमात्यांची निष्ठा पाहण्यासाठी धर्म, अर्थ, काम आणि भय या चार मार्गांनी त्यांना गुप्तपणे मोहात पाडावे, असे तेथे पूर्वाचार्यांचे मत म्हणून येते. कौटिल्य त्यावर दोन मर्यादा घालतो. राजाने स्वतःला किंवा राणीला या मोहाचे निमित्त करू नये. आणि जो भ्रष्ट नाही त्याला अशा उपायाने भ्रष्ट करणे हे पाण्यात विष कालवण्यासारखे आहे, कारण बिघडलेल्यावर नंतर औषध सापडेलच असे नाही. परीक्षेने परीक्ष्य वस्तू बदलते हे मुशीपुढे बसलेल्या सोनाराला ठाऊक असते. माणसाच्या बाबतीत हे इतक्या नेमकेपणाने फार थोड्यांनी ओळखले आहे.

आणि मग दिव्य. धर्मशास्त्राने प्रमाणांचे मानुष आणि दैवी असे दोन भाग केले. लेख, भोग आणि साक्षी ही मानुष प्रमाणे. ती नसतील तरच दैवी प्रमाण, म्हणजे दिव्य. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये आहेत. मराठेशाहीतील न्यायव्यवहारात रवादिव्याचे उल्लेख येतात. तापलेल्या तेला-तुपातून धातूचा रवा हाताने काढायचा, हात बांधून त्यावर मोहोर करायची आणि ठरावीक दिवसांनंतर तो उघडून खरेखोटे ठरवायचे, असे त्याचे स्वरूप होते. वतनाच्या तंट्यात कागद नाही, साक्षीदार फितूर, गोतसभेत एकमत नाही, तेव्हा हा मार्ग येई. आजच्या वाचकाला हे अघोरी वाटते आणि ते तसे आहेच. मात्र त्या व्यवस्थेने दिव्याला कधी ‘तपासणी’ म्हटले नाही. ते देवावर सोपवणे आहे, हे त्याच्या नावातच कबूल केलेले होते.

चाचणीच्या नावाखाली

पुढे आलेल्या ‘नार्को टेस्ट’ने ही कबुलीही सोडून दिली. सोडियम पेंटोथालसारखे औषध शिरेतून देऊन अर्धवट गुंगीतल्या माणसाला प्रश्न विचारायचे, ही वास्तविक चौकशीची पद्धत होय. तिला ‘टेस्ट’ म्हटल्याबरोबर ती रक्ततपासणीच्या शेजारी जाऊन बसली. मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली मुद्रांक घोटाळ्याच्या संदर्भात अशा चाचण्यांना आडकाठी केली नाही. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात, संबंधित व्यक्तीच्या संमतीशिवाय केलेली नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूच्या विद्युत्क्रियेची चाचणी ही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण देणाऱ्या अनुच्छेद २० (३) शी विसंगत ठरवली. या निर्णयाचा गाभा भाषिक दृष्टीने मांडायचा तर असा : न्यायालयाने तिला मुशीतून काढून साक्षीच्या पिंजऱ्यात नेले. रक्ताचा नमुना काही सांगत नाही, त्याच्यात काहीतरी सापडते. गुंगीतला माणूस सांगत असतो, आणि जो सांगतो त्याला न सांगण्याचा हक्क असतो. तरीही गाजलेल्या गुन्ह्याच्या वेळी ‘नार्को करा’ ही मागणी उठतेच. मानुष प्रमाण अपुरे पडल्यावर दैवी प्रमाणाकडे वळण्याची जुनी सवय त्यात ओळखू येते.

याहून क्लेशदायक उदाहरण ‘कौमार्य चाचणी’चे. महाराष्ट्रातील कंजारभाट समाजात विवाहाच्या रात्री वधूवर लादल्या जाणाऱ्या आणि जातपंचायतीपुढे जाहीर होणाऱ्या या प्रथेविरुद्ध त्याच समाजातील तरुण-तरुणी २०१७-१८च्या सुमारास उघडपणे उभे राहिले. २०१९ साली हा प्रकार लैंगिक अत्याचार मानला जाईल असे महाराष्ट्र शासनाने जाहीर केले. त्याआधी, ऑक्टोबर २०१८मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या अन्य संस्थांसह अशा तपासणीला कोणताही शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले होते. मात्र हा केवळ एका समाजाचा दोष समजणे चुकीचे ठरेल. ‘टू फिंगर टेस्ट’ सुशिक्षित डॉक्टर शासकीय रुग्णालयांत करीत होते, आणि सर्वोच्च न्यायालयाला २०१३ व पुन्हा ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी तिच्याविरुद्ध बजावावे लागले. २०२२च्या निकालात न्यायालयाने तिला ‘तथाकथित’ हे विशेषण लावले. हे एक विशेषण पुष्कळ काम करते. जोवर एखाद्या अत्याचाराला आपण ‘चाचणी’ म्हणतो तोवर तिच्यात ‘उत्तीर्ण’ होण्याची कल्पना जिवंत राहते. ज्या मुली ‘उत्तीर्ण’ होतात त्यांच्यावरही अत्याचार झालेला असतो, ही गोष्ट शब्दाआड दडते. टेस्ट ॲक्टप्रमाणेच येथेही निर्णय आधी आणि शोध नंतर.

अणुस्फोटांच्या बाबतीत शब्दाने वेगळाच पडदा धरला. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी कंकणद्वीपावर अमेरिकेने केलेला स्फोट अपेक्षेच्या अडीच पट, म्हणजे १५ मेगाटन शक्तीचा निघाला. त्याची किरणोत्सारी राख शेजारच्या बेटांवरील रहिवाशांवर आणि एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांवर पडली. नोंदीत तरीही ती ‘टेस्ट’च राहिली. भारताने १९७४ साली पोखरणला जे केले त्याला शासनाने ‘शांततामय अणुस्फोट’ म्हटले. १९९८च्या ११ व १३ मे रोजी झालेल्या पाच स्फोटांना मात्र ‘अणुचाचणी’ हे नाव मिळाले. पहिल्या वेळी ‘चाचणी’ म्हणणे अडचणीचे होते, कारण चाचणी शस्त्राची असते. दुसऱ्या वेळी तेच अभिमानाने सांगायचे होते. ‘चाचणी’ या शब्दात रंगीत तालमीची छटा आहे, खरा प्रयोग अजून व्हायचा आहे असे तो सुचवतो. बिकिनीच्या लोकांसाठी ती तालीम नव्हती.

कोणाची चाचणी?

मराठीपुढचा आजचा सर्वांत व्यावहारिक प्रश्न रुग्णालयात उभा राहतो. इंग्रजीत रक्ताची ‘टेस्ट’ आणि औषधाची ‘ट्रायल’ हे दोन शब्द आहेत. मराठीत दोहोंना ‘चाचणी’ म्हणतात. वरवर पाहता हा क्षुल्लक शब्ददारिद्र्याचा प्रश्न आहे. वस्तुतः दोन्ही ठिकाणी माणसाची जागाच बदलते. रक्ताच्या चाचणीत तपासला जाणारा रुग्ण असतो आणि तपासण्याचे साधन आधीच सिद्ध झालेले असते. औषधाच्या चाचणीत तपासले जाणारे औषध असते आणि रुग्णाचे शरीर ही त्याची मूस असते. ‘तुमची चाचणी केली जाईल’ हे वाक्य दोन्ही प्रसंगी व्याकरणशुद्ध आहे. आजाराने गांजलेला माणूस ते ऐकून पहिलाच अर्थ घेणार, कारण आयुष्यभर त्याने तोच ऐकलेला असतो.

२०१९च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार, सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती देऊन तिची लेखी संमती घेणे बंधनकारक आहे. ‘समजेल अशा भाषेत’ याचा अर्थ बहुधा ‘मराठीत’ एवढाच घेतला जातो. मराठीत असलेला मजकूर मराठी माणसाला समजतोच, हे गृहीतक मात्र तपासून घेण्यासारखे आहे. प्रामाणिक शब्द ‘प्रयोग’ हा आहे. परंतु ‘आमच्यावर प्रयोग करता काय’ हा प्रश्न मराठीत संतापाचा प्रश्न म्हणूनच विचारला जातो, म्हणून संमतिपत्रातून हा शब्द टाळला जातो. घाबरवणारा शब्द खरा आणि धीर देणारा शब्द दिशाभूल करणारा, असा हा पेच आहे. संज्ञा बदलून तो पुरता सुटणार नाही. वाक्य बदलले तर सुटू शकेल : ‘हे औषध गुणकारी व सुरक्षित आहे की नाही हे अजून ठरलेले नाही, ते ठरवण्यासाठी ते तुम्हाला दिले जाईल, काही जणांना औषधाऐवजी औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली जाईल, तुम्ही नकार दिलात तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत.’ ही वाक्ये कोणत्याही पारिभाषिक कोशाशिवाय लिहिता येतात. अशी वाक्ये लिहिण्याऐवजी इंग्रजी मसुद्याचे शब्दशः भाषांतर करून खाली सही घेणे, ही संमती नव्हे.

निदानाच्या चाचणीतही अर्थाचा असाच एक खड्डा आहे. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे शोधलेली गोष्ट सापडली, एवढाच त्याचा तांत्रिक अर्थ. बोलीतील ‘पॉझिटिव्ह’ चांगल्या अर्थाचा असल्यामुळे अनेकांचा प्रथम गोंधळ उडत असे; २०२०च्या करोना साथीने तो एका फटक्यात मिटवला. मोठा गैरसमज मात्र तसाच राहिला. समजा, एखादा रोग हजारात एकाला आहे आणि त्याची चाचणी रोगी व निरोगी दोघांनाही शंभरात ९९ वेळा अचूक ओळखते. एक लाख लोकांची चाचणी केली तर १०० रोग्यांपैकी ९९ सापडतील. परंतु ९९,९०० निरोगी लोकांपैकीही ९९९ जण चुकून ‘पॉझिटिव्ह’ ठरतील. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या १,०९८ जणांत खरे रोगी शेकडा नऊच. अचूकता ९९ टक्के आणि तरीही दहातील नऊ निकाल खोटे, हे ऐकणाऱ्याला विपरीत वाटते. गणित मात्र सरळ आहे. चाळणीला निदान समजल्याचा हा परिणाम. इंग्रजीत यासाठी ‘स्क्रीनिंग’ हा वेगळा शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ चाळणे हाच आहे. मराठीला चाळण, सूप, पाखडणे ही सारी क्रिया घरातली. ‘चाळणी तपासणी’ हा शब्द काही शासकीय पत्रकांत डोकावतो आणि कानाला खडबडीत लागतो. तथापि चाळणीतून जे वर राहिले ते सारे खडे नसतात, त्यात धान्यही असते आणि ते हाताने निवडावे लागते, ही गोष्ट या शब्दाने एरवी अर्धा तास लागला असता ती क्षणात कळते. आरोग्यसेविका गावात शिबिर घेते तेव्हा तिला लागणारा शब्द हाच आहे.